'चालतंय त्याला हात लावू नका': रास्पबेरी पाय अपडेट करायचा की आहे तसाच ठेवायचा?

कुपवाडकर

'तासगावची बाग' या सदस्यांनी रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाबद्दल परवा इथं लिहिलं ते थोडक्यात असं: "रास्पबेरी पाय एकदा चालू झाला की त्याला हात लावू नका. मी अपडेट मारला आणि ऐन छाटणीनंतर ड्रिपचे व्हॉल्व्ह उघडेनात. अपडेट म्हणजे शहरात बसलेल्यांचे चोचले." त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही.

दादा, तुमचं नुकसान झालं यात शंका नाही. पण निदान साफ चुकलंय, आणि ते वाचून आणखी दहा जण आपले बोर्ड वर्षानुवर्षं तसेच सोडून देतील, म्हणून लांब लिहितोय.

तुम्ही टाकलेल्या फोटोत 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' स्पष्ट वाचता येतं. त्याच्या वरच्या ओळीत सिसएफएसच्या (फाइलमध्ये नंबर लिहून पिन चालवायची जुनी पद्धत) एक्सपोर्टमध्ये १७ टाकलेलं दिसतं. सगळी गोम तिथंच आहे. मार्च २०२४ मध्ये रास्पबेरी पाय ओएसमध्ये नवा गाभा, म्हणजे कर्नल ६.६, आला आणि सिसएफएसमधले जीपीआयओचे, म्हणजे बोर्डावरच्या पिनांचे, आकडे शून्याऐवजी ५१२ पासून सुरू झाले. तुमच्या पाय ४ वर १७ ची झाली ५२९. रिले ठीक, पिन ठीक, वायर ठीक, फक्त स्क्रिप्ट जुन्या नंबरला हाका मारतेय. आणि ही सिसएफएसची वाट कर्नल ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासूनच, बंद करायचं ठरलेलं होतं. किट विकणाऱ्यानं तरीही तीच वापरून स्क्रिप्ट तुमच्या गळ्यात मारली. राग त्याच्यावर काढा.

दुसरं, नेमकं काय मारलं ते कुणीच सांगत नाही. एपीटी फुल-अपग्रेड या नेहमीच्या कमांडनं येतं ते तपासून सोडलेलं असतं. आरपीआय-अपडेट या दुसऱ्या कमांडनं येतो तो चाचणीतला कर्नल आणि चाचणीतलं फर्मवेअर. कारण असल्याशिवाय ते वापरू नका असं अधिकृत माहितीतच लिहिलंय. तरी यूट्यूबवर व्हिडिओ सुरू झाला की पहिलं वाक्य 'आधी आरपीआय-अपडेट मारून घ्या'. याची मला मनापासून चीड आहे. आणि बुल्सआय या ओएसच्या जुन्या आवृत्तीवरून बुकवर्म या त्यापुढच्या आवृत्तीवर जायचं असेल तर चालत्या मेमरी कार्डावर जाऊच नका, नव्या कार्डावर नवी इमेज, म्हणजे ओएसची तयार प्रत, टाका. बुकवर्ममध्ये नेटवर्क सांभाळायचं काम डीएचसीपीसीडीकडून नेटवर्कमॅनेजरकडे गेलं, कॉन्फिग फाइलची जागा बदलली, पिप या पायथॉनच्या कमांडनं सरळ पॅकेज टाकता येईना. एवढी उलथापालथ जुन्या कार्डाला पेलत नाही.

अपडेट करा, पण हंगाम बघून आणि दुसऱ्या कार्डावर. चालतं कार्ड डबीत ठेवा, त्याच्या प्रतीवर अपडेट मारा, आठवडाभर चालवून बघा. बिघडलं तर जुनं कार्ड परत खोचा.

तासगावची बाग

साहेब, ५१२ आणि ५२९ मला कळून काय करायचंय? छाटणी झाली, पेस्टिंग (डोळे फुटायचं औषध लावणं) झालं, आणि पाणी नाही. मी द्राक्षाच्या बैठकीला गेलो होतो, घरी सगळ्यांना वाटलं मशीन पाणी देतंय. बोध, म्हणजे वेलींखालचे मातीचे वरंबे, कोरडे पडलेले दुसऱ्या दिवशी दिसले. फूट मागंपुढं निघाली. मागंपुढं फूट म्हणजे पुढं डिपिंग (घड औषधात बुडवणं) मागंपुढं, फवारणी मागंपुढं, आणि शेवटी माल एकसारखा नाही म्हणून व्यापारी दर पाडणार. ते कुठल्या कार्डावर घेऊन परत खोचू?

माझा बोर्ड शेडमधल्या वायफायपुरता आहे. इंटरनेट नाही. त्यात घुसून कुणाला काय मिळणार? नवीन काही नको होतं मला, आणि जुनं उत्तम चाललं होतं.

मिरज जंक्शन

बागवाल्या दादांशी शंभर टक्के सहमत. कुपवाडकर, तुम्ही नवं ते सुरक्षित असं धरून चालताय. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधलं मोठं भोक उघडकीला आलं, 'रिग्रेशन' नावाचं. बुकवर्ममधली ९.२ आवृत्ती त्यात सापडली. बुल्सआयमधली ८.४ सुटली. म्हणजे ज्यानं उत्साहानं नवी इमेज टाकली त्याच्याच दाराला भोक पडलं. जुन्यावर बसलेला सुखात झोपला.

आणि तुमच्या डबीतल्या कार्डाचं. पाय ४ चा बूटलोडर, म्हणजे बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम, कार्डावर नसतो, बोर्डावरच्या ईप्रॉम या मेमरी चिपमध्ये असतो. कार्ड बदललं तरी तो नवाच राहणार. तिथं तुमचं 'जुनं कार्ड परत खोचा' संपलं.

कुपवाडकर

ईप्रॉमचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. बूटलोडर बिघडलाच तर इमेजर या कार्ड लिहायच्या प्रोग्रॅममधून रिकव्हरीची इमेज एका फालतू कार्डावर टाकायची, बोर्डात घालून पॉवर द्यायची. हिरवी एलईडी भराभर लुकलुकायला लागली आणि स्क्रीन हिरवी झाली की काम झालं. पाय ४ ची चिपच ती रिकव्हरीची फाइल आधी कार्डावर शोधते, म्हणून ईप्रॉम रिकामा झाला तरी बोर्ड मरत नाही. आणि 'मी ईप्रॉमला हात लावत नाही' असं समजणाऱ्यांनी लक्षात घ्या, एपीटीनं नवं पॅकेज आणलं की पुढच्या बूटला ओएस बूटलोडर आपणहून बदलतो. ती सर्व्हिस तुम्ही बंद केलीय का? नसेल तर हात लागलेलाच आहे.

२०१९ मध्ये पाय ४ घेतला त्याला यूएसबीवरून बूट होत नव्हतं. एसएसडीवर आज जे बूट करतायत ते २०२० च्या बूटलोडर अपडेटमुळेच.

ओपनएसएसएचचं म्हणाल तर त्या भोकावर बुकवर्मला लगेच दुरुस्ती आली. अपडेट करणाऱ्यांना मिळाली. न करणाऱ्यांचं भोक आजही तसंच.

अजिंक्यतारा पायथा

इंटरनेट नाही म्हणणाऱ्यांसाठी लिहिते. आमच्या प्रयोगशाळेत एक पाय ३ हवामानाच्या नोंदी घ्यायचा. मुलांनी घरून नोंदी बघता याव्यात म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडलं, कुणाला सांगितलं नाही. यूजर पाय, पासवर्ड रास्पबेरी. एके सकाळी शिपाईदादा म्हणाले, मॅडम, ते खोकं तापलंय. हात लावला तर चटका बसला. प्रोसेसर शंभर टक्के, अनोळखी प्रोग्रॅम, आणि आमचा स्वतःचा पासवर्ड चालेना. २०१७ मध्ये नेमकं असंच मालवेअर सापडलं होतं, फक्त पाय शोधून हाच पासवर्ड टाकून आत शिरणारं आणि क्रिप्टो नाणी खणणारं. एप्रिल २०२२ पासून नव्या इमेजमध्ये तो यूजर तयार मिळत नाही. आमचं कार्ड त्याआधीचं. मुलांच्या पावसाळाभराच्या नोंदी गेल्या. कोयनेच्या पट्ट्यातल्या गावांतून मुलं रोज मोजून आणत होती त्या.

दादा, तुमचा बोर्ड आज शेडपुरता आहे. उद्या मुलगा पुण्याहून व्हॉल्व्ह बघायचा म्हणेल.

मिरज जंक्शन

ताई, वाईट झालं. पण हे पासवर्डचं प्रकरण आहे, अपडेटचं नाही. एपीटी अपग्रेड रोज मारला असता तरी जुन्या कार्डावरचा पासवर्ड बदलला नसता.

अजिंक्यतारा पायथा

मान्य. तेवढ्यापुरतं मान्य. पण वर्षातून एकदा अपडेटला जो बसतो तो निदान पासवर्ड आणि उघडी पोर्ट बघतो. तीन वर्षं कुणी त्या खोक्यासमोर बसलंच नव्हतं, हे माझं म्हणणं आहे.

पलूस रिवाइंडिंग

सगळे कर्नल कर्नल करताय, मीटर कुणी लावला का? माझ्याकडं मोटरीबरोबर हे बोर्डबी येतात. 'अपडेटनं मेला' म्हणून आणतात आणि बोर्ड टकाटक असतोय. मेलेलं असतंय कार्ड. का? मोबाईलचा चार्जर, त्याला दोन मीटरची सुतळीएवढी केबल. चार्जरच्या तोंडाला ५.१ व्होल्ट, बोर्डाच्या पिनांवर रिले ओढला की साडेचार. ४.६३ च्या खाली गेलं की पाय बोंबलतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज येती. शेडमध्ये स्क्रीन असती कुणाकडं? अपडेटच्या वेळी प्रोसेसर पळतोय, कार्डावर सारखं लिहिणं चालूय, नेमकं तेव्हाच व्होल्टेज बसतंय आणि कार्ड अर्धवट लिहून राहतंय. व्होल्टेज बसलं का ते सांगणारी गेट-थ्रॉटल्डची कमांड मारून बघा. शून्य आलं नाही तर अपडेटचं नाव काढू नका.

तासगावची बाग

माझा चार्जर ओरिजिनल आहे.

पलूस रिवाइंडिंग

फोनचा ओरिजिनल! त्यावर ६५ वॉट छापलंय ते मोठ्या व्होल्टेजवर. ५ व्होल्टला त्यातले कितीतरी २ अँपिअरच देतात. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. पाय ५ ला पूर्ण ताकदीनं चालवायचं तर ५ अँपिअर.

घेवडा कोरेगाव

सोलरवाल्यांनी बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा) लावताना बघा. माझा पाय ३ बारा व्होल्टच्या बॅटरीवर, कन्व्हर्टरमधून थेट ५ व्होल्टच्या पिनेत. त्या कन्व्हर्टरवरचा व्होल्टेज ठरवणारा पितळी स्क्रू ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं फिरला. बोर्ड काळा पडला, वास शेडभर. पिनेतून दिलं की पाय ३ चा फ्यूज वाटेत येतच नाही. आता स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकतो, आणि यूएसबीतूनच देतो.

मिरज जंक्शन

चर्चा अपडेटची आहे. चार्जर, नेलपॉलिश आणि ट्रॅक्टर यासाठी दुसरा धागा काढा की.

पलूस रिवाइंडिंग

का काढू? अपडेट चालू असताना लाईट जाती, ते कुठल्या धाग्यात जाती? तुमच्याकडं इन्व्हर्टर आहे, स्टेशनाजवळ लाईट टिकती. आमच्याकडं थ्री फेज रात्री येती आणि सोडताना सिंगल फेज हबकतोय. त्या पाच मिनिटांत कुणी अपग्रेड मारला असेल तर कार्ड गेलंच. कागदावर शिकलेल्यांनी आम्हाला विषय शिकवू नये.

मिरज जंक्शन

कागदावर? बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधले तापमानाचे बोर्ड मी सांभाळतो. लोकांचा वर्षाचा माल आत पडलेला असतो. म्हणूनच ते गोठवलेत: कार्डाला ओव्हरले फाइलसिस्टिम, म्हणजे लाईट कितीही वेळा गेली तरी कार्डावर काही लिहिलंच जात नाही. कर्नलचं पॅकेज होल्डवर. बाहेरचं नेटवर्क तोडलेलं. एकही बोर्ड अजून दगावला नाही. शिव्या देण्याआधी विचारत जा.

पलूस रिवाइंडिंग

ओव्हरलेचं चांगलं केलंय. ते सगळ्यांनी करावं. बाकीचं माझं म्हणणं तसंच आहे.

कुपवाडकर

मिरजकर, तुमच्यासारखं तोडून आणि गोठवून ठेवलं तर मला हरकत नाही. ते ठरवून केलेलं काम आहे. माझा राग 'हात लावू नका' वाचून काहीच न करणाऱ्यांवर आहे. पण तुमचे गोठवलेले बोर्ड कुठल्या ओएसवर आहेत? बस्टर (बुल्सआयच्याही आधीची आवृत्ती) असेल तर डेबियनची, म्हणजे या ओएसच्या मूळ लिनक्सची, दुरुस्त्यांची लांब मुदतही जून २०२४ ला संपली. बुल्सआयची ऑगस्ट २०२६ पर्यंत. कार्ड मेल्यावर नवीन बसवताना जुनी पॅकेजं शोधत बसाल, आणि ते उन्हाळ्यात शेड भरलेलं असतानाच होतं.

मिरज जंक्शन

दोन बस्टरवर आहेत. इमेजच्या प्रती माझ्याकडे ठेवलेल्या आहेत, पॅकेज शोधायची वेळ येणार नाही. तरी दिवाळीच्या आत स्टोरेज रिकामं होतं तेव्हा नवी इमेज करून बघतो. चालत्या मालावर करणार नाही, तुम्ही काहीही म्हणा.

तासगावची बाग

एवढं सगळं वाचलं. एप्रिलात खरड छाटणीला बोर्ड काढतो, तोवर जुन्या कार्डावरच. पण तेव्हा पाणी कुठल्या नंबरानं सोडायचं ते आत्ताच लिहून द्या. दर अपडेटला आकडा बदलणार असेल तर मला मशीन नकोच, हातानं कॉक फिरवीन.

कुपवाडकर

५२९ लिहूच नका, तोही उद्या हलेल. पिनकंट्रोल (pinctrl) नावाची कमांड आहे, जीपीआयओ १७ तिथं १७ च राहतो, कर्नल कुठलाही असो. नवी स्क्रिप्ट मी लिहून पाठवतो. त्यात एक ओळ जास्तीची घालतो: व्हॉल्व्ह उघडायची वेळ झाली आणि फ्लो मीटरवर पाणी दिसलं नाही तर शेडवरचा भोंगा वाजेल. फ्लो मीटर कितव्या पिनेवर आहे तेवढं कळवा.

पलूस रिवाइंडिंग

भोंगा वेगळ्या सप्लायवर घ्या. पायच्या ५ व्होल्टवरून भोंगा ओढला तर बोर्ड तिथंच बसंल.