सगळेच याजक, मग फादर वेगळे कशाला?

वसईचा_पोरगा: मालवणचा एक प्रोटेस्टंट मित्र म्हणतो, बायबलात १ पेत्र २:९ मध्ये सगळ्या विश्वासणाऱ्यांनाच याजकगण म्हणजे पुरोहित म्हटलंय, मग तुम्हा कॅथलिकांत फादर कशाला? मला काय उत्तरच सुचेना. सांगा कोणीतरी.

रेवदंड्याचा: हे पेत्राने नवीन नाही काढलेलं, निर्गम १९:६ मध्ये सीनायपाशी देव अख्ख्या इस्राएलला याजकांचं राज्य म्हणतो आणि तरी पुढे मोशेचा भाऊ अहरोन आणि त्याच्या पोरांना याजक म्हणून वेगळं नेमतोच की.

सुरमई_फ्राय: अर्धंच सांगितलंस भावा. इब्रीचा ७वा अध्याय वाच. येशू यहूदा वंशातला, याजक ज्या वंशातून यायचे त्या लेवी वंशातला नाहीच, म्हणून त्याचं याजकपण मलकीसदेकाच्या परंपरेतलं, तोच तो उत्पत्ती १४ मधला याजक, अब्रामासाठी भाकर आणि द्राक्षारस घेऊन आलेला. आणि येशूचं अर्पण एकदाच, रोजरोज बळी नाही. मग देव आणि आपल्या मध्ये माणूस कशाला, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरचं भांडण तेच होतं ना!

पापडीची_मावशी: अरे बाळांनो, बाप्तिस्म्याने सगळ्यांनाच याजकपण मिळतं हे आपली चर्च पण मानते, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये लिहूनच ठेवलंय. फादरांचं वेगळ्या प्रकारचं, लोकांच्या सेवेसाठी. आणि मिसात, म्हणजे आपल्या उपासनेत, दुसरा बळी नसतोच, येशूचा तोच एक. मित्राला सांग हे, आणि नाताळला घेऊन ये घरी.