प्रतिसाद: "दुखत नाही ना, मग कशाला?"

कॅन्सरची लक्षणं दिसूनही लोक अज्ञानामुळे डॉक्टरकडे उशिरा जातात, असं ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटलंय. मला अर्धंच पटलं.

माझी आत्या कोथरूडची, बँकेतून निवृत्त, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. छातीतली गाठ तिला गणपतीत लागली, आम्हाला कळलं संक्रांतीला. मधले ४ महिने हळदीचा लेप आणि "दुखत नाही, म्हणजे साधीच असेल". (सुरुवातीला कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखतच नाही, तिथेच फसगत होते.) बीपी दाखवायला गेली तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी सोनोग्राफीची चिठ्ठी दिली होती. ती सापडली भिशीच्या वहीत, घड्यांवर फाटायला आलेली. म्हणजे बाई रोज उघडून बघत होती! याला अज्ञान कसं म्हणायचं?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या उशिराचे टप्पे पाडून दाखवले. सगळ्यात जास्त वेळ जातो तो "हे आजारपण असू शकतं" हे स्वतःशी कबूल करण्यात. अपॉइंटमेंट वगैरे त्यापुढे किरकोळ.

आत्याच्या बाबतीत मुलीचं लग्नही ठरत होतं. बाहेर कळलं तर? त्यात "तपासणीची सुई टोचली की कॅन्सर पसरतो" ही शेजारणीची चुकीची भर. या शेजारणी कुठून येतात कोण जाणे.

आम्ही रागावून पाहिलं, घाबरवून पाहिलं. उलट ती जास्तच गप्प झाली. शेवटी वहिनी म्हणाली, "आत्या, मलाही मॅमोग्राफी करायचीय, एकटीला धीर होत नाही. येता का सोबत?"

दुसऱ्या दिवशी आत्या तिच्याआधी रिक्षात बसली होती.