डागमार बुरेशोव्हा: पालाखचा खटला हरलेल्या वकीलबाई न्यायमंत्री कशा झाल्या?

कायदा_वाचक: चेकोस्लोव्हाकियावरच्या सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधात जीव देणारा विद्यार्थी यान पालाख, त्याच्या आईचं वकीलपत्र घेणाऱ्या बुरेशोव्हांबद्दल वाचतेय. १९७० मध्ये दावा फेटाळला गेला आणि डिसेंबर १९८९ मध्ये याच बाई न्यायमंत्री! हरलेल्या खटल्याला एवढं मोल कसं आलं? मधल्या काळात त्या काय करत होत्या?

ओल्शानीची_वाट: मी प्रागमध्ये दुभाष्याचं काम करतो. पालाखचं थडगं असलेल्या इथल्या ओल्शानीच्या दफनभूमीत वरचेवर जातो, म्हणून लिहितोय.

पालाखने १६ जानेवारी १९६९ ला व्हात्स्लाव चौकात स्वतःला पेटवून घेतलं, तीन दिवसांनी तो गेला. पुढच्याच महिन्यात खासदार विलेम नोव्ही यांनी चेस्का लीपाच्या सभेत सांगितलं, की पोराला फसवलं होतं. जादूगार वापरतात तसला न भाजणारा 'थंड जाळ' देतो म्हणाले आणि हातात पेट्रोल दिलं. मुलगा गेलेल्या आईने हे ऐकून घ्यायचं! तिने दावा लावला आणि बुरेशोव्हा उभ्या राहिल्या.

ऑगस्ट १९६८ मध्ये रशियन रणगाडे देशात घुसले, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. निकाल काय लागणार, हे दालनातल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. तरी नोव्हींचं बोलणं खोटं आहे, हे कोर्टापुढे मांडलं गेलं, कागदावर आलं. मला त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. मंत्रिपद त्यानंतर.

मधल्या वर्षांत राजवटीला सलणाऱ्या माणसांची वकीलपत्रं त्या घेत राहिल्या. लेखक मिलान कुंदेरा त्यांतलेच एक.

आता पालाखच्या थडग्याबद्दल. ओल्ब्राम झोउबेक यांनी घडवलेल्या कांस्यपट्टीवर झोपलेल्या माणसाची नुसती आकृती आहे, चेहरा नाही. बोट फिरवलं की कडा हाताला लागतात. पहिली पट्टी पोलिसांनी काढून नेली, वितळवली. १९७३ मध्ये अवशेषही उकरले, जाळले आणि त्या जागी एका अनोळखी म्हातारीला पुरलं. लोक तरीही तिथे फुलं ठेवत राहिले. अस्थी परत आल्या १९९० मध्ये. त्याच वर्षी बुरेशोव्हा चेक संसदेच्या अध्यक्ष होत्या. तिथे उभं राहिलं की मला दर वेळी हे आठवतं.

जुना_वकील: एक दुरुस्ती. न्यायमंत्रिपद चेकोस्लोव्हाक संघराज्याच्या सरकारात नव्हतं. चेक आणि स्लोव्हाक अशी दोन वेगळी सरकारं होती, त्यातल्या चेक सरकारात त्या होत्या, जून १९९० पर्यंत. मग सिव्हिक फोरमतर्फे (१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट हटवणारी चळवळ) निवडून येऊन चेक नॅशनल कौन्सिलच्या, म्हणजे चेक संसदेच्या, अध्यक्ष. फोरम फुटल्यावर त्या त्यातूनच निघालेल्या सिव्हिक मूव्हमेंट पक्षाकडे गेल्या आणि १९९२ च्या निवडणुकीत त्या पक्षाला संसदेत जायला लागणारी पाच टक्के मतांची अटही पार करता आली नाही. राजकारणातला मोठा काळ अडीच वर्षांचाच.

कायदा_वाचक: आभार. पक्षच बुडाला, याचं वाईट वाटलं. त्या आईला पुढे काही ऐकायला मिळालं का?

ओल्शानीची_वाट: नाही. लिबुशे पालाखोव्हा १९८० मध्ये गेल्या. थडगं परत आलेलं त्यांना दिसलं नाही.