बाहेर इंग्रजी शिकवून घरी परतल्यावर… (अनुभव धागा)

अमळनेरकरीण

जुना फोन भाच्याला द्यायचा म्हणून चार्जिंगला लावला तर त्यातलं लाइन ॲप जागं झालं. थायलंडमध्ये सगळं लाइनवर चालतं, शाळेचा ग्रुपसुद्धा. मी तो कधीच सोडला नव्हता हे आज कळलं. वाई क्रूचे फोटो येऊन पडलेले. जूनमध्ये, बहुतेक गुरुवारीच, पोरं फुलांची सजवलेली तबकं घेऊन गुडघ्यांवर येतात आणि शिक्षकांच्या पाया पडतात. कणीक तशीच राहिली, मी फोटो बघत बसले.

तर मी ईसान भागातल्या (थायलंडचा ईशान्य भाग) एका शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवत होते. बी.एड. झालेलं, टोइकची (इंग्रजीची) परीक्षा दिली (भारतीय लोक तिकडे 'नेटिव्ह' धरले जात नाहीत, स्कोअर दाखवावा लागतो. पगारही गोऱ्यांपेक्षा कमी, आपण आणि फिलिपिनो एका रांगेत). शाळा मे ते मार्च. संपली तशी घरी आले ती नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर. आई गल्लीभर सांगत सुटली, लेक आखाजीला माहेरी आली. अहो, लग्नच व्हायचं होतं माझं तेव्हा!

झोका बांधलेला, बाया गाणी म्हणतायत, आणि मला बघितल्याबरोबर "कवय उनी वं माय?" मी म्हटलं काल. लगेच पुढचा प्रश्न, "आते परत कवय जाशी?"

मधलं काहीच नाही. पगार विचारला, बाथचे रुपये करून घेतले, "इतलाच?" झालं, आणि विषय मिटला. माझ्या वर्गात बँक, आइस, गोल्फ, क्रीम अशा टोपणनावांची चाळीसच्या वर पोरं होती हे सांगायला मी किती आतुर होते! बँक नावाचा पोरगा वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही आणि शेवटच्या दिवशी पूर्ण वाक्य बोलला. कोणाला सांगू? बाबांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "मग त्या बँकेत खातं उघडलं का तू?"

आणि भाषेची गंमत. वर्षभर सावकाश, तोडून तोडून, हातवारे करत बोलायची सवय लागलेली. घरी आल्यावर मराठीही तशीच. "बाबा. चहा. पाहिजे?" आणि हातानं कप दाखवायचा. भाऊ अजून नक्कल करतो.

जाताना इकडच्या शाळेनं शाल-नारळ दिला होता. परत आल्यावर जो तो खुलासा मागत होता. कोणी नोकरी करून, कोणी नुसतं शिकवायला म्हणून बाहेर राहून परत आलं असेल तर लिहा. देश कोणताही चालेल.

केळीबाग_सावदा

ताई तिकडे केळी कशी असते? ग्रँड नैनच का?

अमळनेरकरीण

नाही दादा. आखूड, जाड, नाम वा म्हणतात. अर्धवट कच्ची निखाऱ्यावर भाजून रस्त्यावर विकतात.

केळीबाग_सावदा

केळी भाजतात??? आपल्या भरिताच्या वांग्याची ऐकीव माहिती पोचलेली दिसते.

शिरपूरची_बीएड

आखाजीचं वाचून हसायला आलं, माझंही सेम. मी कोरियात होते. आपल्याकडे आणि कोरियाकडे २०१० पासून तो व्यापार करार आहे ना, सेपा, त्यात भारतीय इंग्रजी शिक्षकांना सोय आहे. पण शिकवण्याचं लायसन्स पाहिजे, नुसती डिग्री चालत नाही. बी.एड. कामी आलं, सासूबाई तेव्हा म्हणायच्या पैसे वाया घालवले.

वर्ष पूर्ण केलं की एक महिन्याचा पगार जास्तीचा मिळतो तिकडे, कायदाच आहे. म्हणून रडतखडत का होईना वर्ष काढतातच सगळे. मला रडायची वेळ आली नाही, थंडी सोडून. जमीन खालून गरम करतात घरात, त्यामुळे मी जमिनीवरच पडून असायचे. शाळेत जेवण स्टीलच्या खणांच्या ताटात, तेवढं घरच्यासारखं.

परत आल्यावर काय झालं, तर वाकायची सवय जाईना. आणि पैसे दोन्ही हातांनी द्यायची. किराणावाल्याला वाकून दोन्ही हातांनी शंभराची नोट दिली. तो म्हणतो, "ताई, लग्नाची पत्रिका देऊन राहिल्या का?"

पण आमच्याकडे एक प्रश्न जास्तीचा होता. "परत का आली?" म्हणजे काही भानगड झाली का. करार संपला म्हणून आले, एवढं साधं उत्तर कोणाला पटायचंच नाही. नणंदेनं तर नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "मी बोलावली, मला बट्टी जमत नाही." तेव्हा सगळ्यांचं समाधान झालं.

कळण्याची_भाकरी

बट्टी वाल्या भाऊंना माझा नमस्कार सांगा 😂

अर्धवट_वाचक

मी व्हिएतनाम. रस्ता ओलांडायला शिकले तोच मोठा अनुभव, गाड्या थांबतच नाहीत, आपण सावकाश चालत राहायचं, त्या आपोआप वळतात. परत आल्यावर जळगावात नेहरू चौकात तसंच केलं आणि

बाळ उठलं. नंतर लिहिते.

भुसावळ_जंक्शन

आणि काय??

मामाची_भाची

मी कुठेच गेले नाही, पण मामांचं सांगते. ते इथिओपियात इंग्रजी शिकवत, सम्राट हैले सेलासीच्या काळात. तेव्हा आपले खूप मास्तर तिकडे होते. १९७४ मध्ये तिथे क्रांती झाली, त्याच्या थोडं आधी मामा परतले. तिथलं वर्ष तेरा महिन्यांचं, शेवटचा महिना पाच-सहा दिवसांचा. आणि त्यांचं साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. मामा म्हणायचे, गेलो तेव्हा तरुण झालो, मुंबई बंदरावर उतरलो आणि परत म्हातारा.

गावात त्यांना शेवटपर्यंत 'आफ्रिकावाले मास्तर' म्हणत. इथल्या शाळेत नंतर कितीतरी वर्षं शिकवलं, ते कोणाच्या लक्षात नाही. मामी मात्र कंटाळली होती, तिला पाहुण्यांपुढे दर वेळी तीच गोष्ट ऐकावी लागे. तेराव्या महिन्याचा पगार मिळायचा का, असं ती मुद्दाम सगळ्यांसमोर विचारायची. नाही मिळायचा.

नाना_धुळेकर

बठ्ठं वाचं. मस्त लिखेल शे.

अमळनेर म्हटल्यावर राहवत नाही म्हणून लिहितो. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक, वसतिगृहही सांभाळायचे. मग नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. त्या काळी कोकणातून खान्देशात येणं परदेशापेक्षा कमी नव्हतं. त्यांनाही सुटीत घरी गेल्यावर कोणी विचारलं असेल, परत कधी जाणार.

बाकी पोरींनो, तिकडून काय आणलं ते नाही सांगितलं.

सातपुडा

नानांनी दार उघडलंच आहे तर मीही घुसतो. माझं परदेश म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं धडगाव. आश्रमशाळेत पहिलं वर्ष. पोरं पावरी बोलायची, मी मराठी. पुस्तक मराठी, म्हणजे त्यांच्यासाठी ते इंग्रजीच. पहिल्या महिन्यात मी फक्त चित्रं काढली फळ्यावर. दिवाळीत घरी साक्रीला गेलो तर वडील म्हणाले बदलीचं बघ. मी म्हटलं पोरं आताशी बोलायला लागलीत. ते म्हणाले, "मग तुझं काम झालं, आता दुसऱ्याला जाऊ दे."

अजून तिथेच आहे. धाग्याच्या विषयात बसत नसेल तर उडवा.

अमळनेरकरीण

बसतं हो दादा. चांगलं बसतं. नाना, मी टायगर बाम आणला होता, अख्ख्या गल्लीला पुरला.

ठेचा

भूतान. व्हिसा लागत नाही आपल्याला, म्हणून गावात कोणी परदेश मानायलाच तयार नाही. "आसामकडं व्हतास ना तू?" हो बाबा, आसामकडंच.

तिकडे मिरचीची भाजी करतात. मिरची घालून नाही, मिरचीची. चीजमध्ये शिजवलेली. पहिल्या दिवशी सहकाऱ्यांनी वाढली आणि बघत बसले, आता हा पाणी मागेल. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. खान्देशची इज्जत राखली भो.

घरी आल्यावर आईनं कौतुकानं कमी तिखट केलं होतं, बाहेर राहून आलाय म्हणून. त्याचं जास्त वाईट वाटलं.

कळण्याची_भाकरी

😂😂 शेवभाजीचा रस्सा पाठवायला पाहिजे भूतानला.

चाळीसगाव_लाइन

मी मालदीवमध्ये होते, एका छोट्या बेटावरच्या शाळेत. शुक्रवार-शनिवार सुटी, रविवारी शाळा, हे अंगवळणी पडायला वेळ लागला. सगळे हसताहेत, मी थोडं वेगळं लिहिते, चालेल ना.

वर्ष संपायच्या आधीच परत यावं लागलं. बाबा आजारी. फोन आला तेव्हा हवा खराब होती, बोट निघत नव्हती. मग माले, तिथून तिरुअनंतपुरम, मग मुंबई, मग गाडी. चाळीसगावला उतरले तर भाऊ आला होता न्यायला, त्याचं डोकं बघून कळलं.

नंतर जे भेटायला आले त्यांच्यातल्या अर्ध्यांना माहीतच नव्हतं मी बाहेर होते. बाबांनी सांगितलंच नव्हतं कोणाला. पोरगी एकटी समुद्रात राहते म्हटलं तर लोक बोलतील म्हणून नाशिकला नोकरी आहे असं सांगायचे. मी तेरा दिवस आल्यागेल्याला नाशिकचं हवामान सांगत होते. राग यायला पाहिजे होता. तेव्हा हसू येत होतं, आता राग येतो.

शिरपूरची_बीएड

ताई ❤️ काय लिहू.

मामाची_भाची

त्यांच्या कपाटात तुमची पत्रं, फोटो काही सापडलं का?

चाळीसगाव_लाइन

नाही हो, व्हॉट्सॲपचा जमाना. पण त्यांच्या फोनमध्ये त्या बेटावरचा हवेचा अंदाज सेव्ह केलेला होता, नाशिकचा नव्हता.

नाना_धुळेकर

बापाचं काळीज शे माय.

अर्धवट_वाचक

आले. तर नेहरू चौकात काहीच झालं नाही, रिक्षावाला थांबला आणि म्हणाला "मरायचंय का अक्का", मी त्याला 'थँक्यू' म्हटलं. बस. तुम्ही फार मोठं काही समजला असाल तर सॉरी.

चाळीसगाव ताई, आत्ता वाचलं वरचं. सॉरी, मी भलत्याच वेळी विनोद टाकला.

चाळीसगाव_लाइन

अगं टाक ग. बाळ किती महिन्यांचं?

अर्धवट_वाचक

आठ. दात येताहेत, रात्रभर जागरण.

चाळीसगाव_लाइन

गाजर धुऊन, गार करून, अख्खं हातात धरायला दे. चावून तुकडा पडला तर लगेच काढून घे, शेजारीच बस.

भुसावळ_जंक्शन

आता बोलतो. माझं कोरियाचं ऑफर लेटर आलंय, घरी सांगायचंय. त्याआधी कागदांचं विचारतो. शिरपूर ताई, डिग्रीवर तो परदेशात चालणारा सरकारी शिक्का, म्हणजे अ‍ॅपोस्टिल थेट दिल्लीहून होतं का?

शिरपूरची_बीएड

अभिनंदन! थेट नाही होत. आधी मुंबईला राज्याचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र खात्याचं अ‍ॅपोस्टिल. पोलीस क्लिअरन्सलाही अ‍ॅपोस्टिल लागतं, तो पासपोर्टच्या साइटवरूनच अर्ज कर. एजंटला मूळ डिग्री देऊ नको पावतीशिवाय.

भुसावळ_जंक्शन

बरं. आणि बिबडे (आपले ज्वारीचे पापड) नेता येतात का?

शिरपूरची_बीएड

मी नेले होते, मोठ्या बॅगेत, वर 'पापड' लिहून. तळायला जागा मिळत नाही मात्र, तिकडे खोल्या इतक्या लहान की धुराचा अलार्म वाजतो. मायक्रोवेव्हमध्ये फुलतात, घरी करून बघ आधी.

कळण्याची_भाकरी

मायक्रोवेव्हमध्ये बिबडे?? आईला सांगू नको हे भुसावळ, ऑफर लेटरपेक्षा याचंच जास्त मनाला लावून घेईल ती.