कंपनीने बसवून दिलेल्या स्पीकरमधून डग्गा ऐकू का येत नाही?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझी गाडी चार वर्षे जुनी, चार मीटरच्या आतली एसयूव्ही आहे आणि तिच्यात कंपनीनेच बसवलेली ध्वनियंत्रणा आहे. चार दारांत चार स्पीकर आणि पुढच्या खांबांपाशी दोन ट्वीटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर), एवढाच तिचा पसारा. मी दर आठवड्याला पुणे ते सातारा असा प्रवास करते आणि वाटेत बहुतेक वेळ शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, अधूनमधून नवी चित्रपटगीते ऐकते. गाणाऱ्याचा आवाज, तानपुरा, संवादिनी हे सगळे स्वच्छ येते. तक्रार आहे ती तबल्याची. हेडफोन लावल्यावर डग्ग्याचा जो घुमारा जाणवतो, तो गाडीत येतच नाही आणि हाती लागते ती फक्त कोरडी थाप. मनगट सरकवून काढलेली मींड, म्हणजे स्वराची घसरण, तर वादकाने वाजवलीच नसावी, असे वाटते.

बासची पट्टी शून्यावरून +६ वर नेऊन पाहिली. त्याने आवाज जड झाला, पण डग्गा काही आला नाही, आणि आवाजाचा आकडा २५ च्या पुढे नेला की दाराचे पॅनल खडखडते. एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात विचारले, तेव्हा "कंपनीच्या सिस्टीममध्ये बास नसतोच" असे सांगून त्यांनी सीटखाली बसणाऱ्या आठ इंची सबवूफरचा (फक्त खालच्या स्वरांसाठीच्या स्पीकरचा) १४ हजारांचा आकडा कागदावर लिहून दिला. हे विधान खरे आहे का, आणि एवढा खर्च करण्याआधी मी काही तपासून पाहावे का, हे जाणकारांनी सांगावे.

जुना व्हॉल्व्ह

दुकानदाराचे विधान अर्धे खरे आहे, आणि नेमके आपल्या तक्रारीला लागू पडणारे अर्धे खोटे आहे, असे मला वाटते.

"बास" हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ (सेकंदाला २० कंपने) मानतात. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, साध्या गिटारची ८२ वर, आणि हल्लीच्या नाचाच्या गाण्यांतला यंत्राने तयार केलेला ठोका ४० च्याही खाली उतरू शकतो. दारात बसणारा साडेसहा इंची स्पीकर या तळाशी दमतो, कारण तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी स्वर एक सप्तक खाली नेला की त्याच्या पडद्याला पुढेमागे चौपट हलावे लागते आणि तेवढी जागा व ताकद त्याच्यात नसते. ही कंपनीची लबाडी नाही. तो आकाराचाच हिशेब आहे. डग्ग्याचा घुमारा मात्र शंभर हर्ट्झच्या आगेमागे वावरतो, आणि ते काम दारातल्या स्पीकरला सहज जमायला हवे. म्हणून ४० हर्ट्झचा दणका आला नाही, तर ती यंत्रणेची मर्यादा समजावी. डग्गाच आला नाही, तर कुठेतरी दोष आहे असे समजून शोध घ्यावा.

गाडी ही खर्जासाठी वाईट जागा आहे, हा समजही खरा नाही. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते, म्हणजे ती आपल्या गाडीत मावतही नाही. लहरीची लांबी केबिनच्या लांबीच्या दुपटीहून अधिक झाली, की बंद केबिनमधली हवा एकसंध दाबाखाली येते आणि खालचे स्वर आपोआप उचलले जातात. घराच्या मोठ्या दिवाणखान्यात जे ऐकायला भलामोठा स्पीकर लागतो, ते गाडीत बऱ्याच लहान स्पीकरमधून मिळते. काच बोटभर उघडी ठेवली, तरी हा फायदा बराचसा निघून जातो. खात्री करून पाहण्यासारखी गोष्ट आहे.

वॅटच्या आकड्यांविषयीही थोडे लिहितो, कारण त्यांनीच सर्वाधिक गैरसमज पसरवले आहेत. माहितीपत्रकात "४५ वॅट गुणिले ४" असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर बहुधा ४ ओहम विद्युतरोधाचा असतो. व्होल्टेज वाढवणारी वेगळी सोय नसेल, तर या दोन आकड्यांवरून स्वच्छ आवाजासाठी एका स्पीकरला जास्तीत जास्त २६ वॅट मिळू शकतात, आणि प्रत्यक्षात २० च्या आसपासच मिळतात. त्यापुढे लहरीचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. बासची पट्टी +६ वर ठेवून आपण ही मर्यादा लवकर गाठता, त्यामुळे ती आधी शून्यावर आणावी.

वायर आणि कपलर

गेली अठरा वर्षे मी गाड्यांची दारे उघडण्याचेच काम करतो, त्यामुळे वरच्या उत्तरातले आकडे सोडून देतो आणि दारात शिरतो.

दाराच्या पॅनलमागे पत्र्याला मोठमोठी भोके असतात आणि त्यांवर प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट पट्टीने डकवलेला असतो. बहुतेक लोक त्याला पाणी अडवणारा कागद समजतात, आणि तो आहेही, पण त्याचे दुसरे काम असे की स्पीकरच्या पाठीमागून निघणारा आवाज तो आत अडवून धरतो. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो, त्याच क्षणी मागे हवा ओढत असतो. ही पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली, की खालचे स्वर तिथल्या तिथे विरून जातात. उंच स्वरांचे तेवढे बिघडत नाही, म्हणून गाणे स्वच्छ येते आणि डग्गा हरवतो. आपले वर्णन वाचताना मला हेच आठवले. तेव्हा माझा पहिला प्रश्न असा, की या चार वर्षांत गाडीचे एखादे दार कुणी उघडले होते का? काचेची मोटर, लॉक, डेंटचे काम, काहीही चालेल. घाईत काम करणारा मेकॅनिक तो कागद अर्धवट डकवतो, किंवा फाडून डिकीत टाकतो.

दुसरी तपासणी आपण स्वतः, एकही स्क्रू न काढता करू शकता. गाडी शांत जागी उभी करावी, आवाज पुढच्या दोन स्पीकरवर आणावा आणि डग्गा ठळक असलेले एखादे ध्वनिमुद्रण लावावे. बॅलन्स आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्यावा आणि शेवटी मधोमध आणावा. मधोमध आणल्यावर खर्ज वाढायला हवा. तो उलट कमी झाला, तर एका स्पीकरच्या दोन वायरी उलट्या जोडल्या आहेत असे जवळजवळ नक्की समजावे, कारण मग एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. कंपनीचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) उलटा बसतच नाही. पण बाजारातला स्पीकर टाकून वायरी पिळून टेप गुंडाळली असेल, तर ही चूक अगदी सहज होते. आमच्याकडे सबवूफर बसवायला आलेल्या गाड्यांपैकी काही या एका दुरुस्तीनंतर तशाच परत गेल्या आहेत. माझा त्यात तोटाच झाला.

शांत गाडी

मी उलट बाजूने लिहितो. आधीच्या हॅचबॅकमध्ये मी डिकीत बारा इंची सबवूफर आणि वेगळा अ‍ॅम्प बसवला होता. पहिले पंधरा दिवस आनंदाचे गेले. पुढे लक्षात आले, की प्रत्येक गाण्यात एकच स्वर घुमतो आहे, मागची नंबरप्लेट वेगळ्याच तालात वाजते आहे, आणि स्टेपनी काढायची तर आधी ते सगळे खोके उचलावे लागते. वर्षभरात मी तो विकला. दोष सबवूफरचा नव्हता, हे आता कळते. त्याचा आणि दारातल्या स्पीकरचा सांधा, म्हणजे खालचे स्वर त्याने आणि वरचे दारातल्या स्पीकरने वाजवायची सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास नीट जुळवायला हवा होता. तो कुणी जुळवलाच नाही, नुसता आवाज वाढवून दिला.

कंपनीची यंत्रणा म्हणजे सरसकट सामान्य, असेही म्हणता येणार नाही. विशिष्ट गाडीच्या केबिनमध्ये मोजमाप करून त्याच गाडीसाठी यंत्रणा आखण्याची पद्धत बोसने जनरल मोटर्सबरोबर १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत आणली, आणि पुढे आपल्याकडेही क्रेटाच्या वरच्या प्रकारांत बोसची आठ स्पीकरची किंवा एक्सयूव्ही७०० च्या वरच्या प्रकारांत सोनीची बारा स्पीकरची यंत्रणा सबवूफरसह आली. अशा गाडीत बसून समाधान होते की नाही, हा प्रश्न मधल्या प्रकारातल्या चार स्पीकरच्या गाडीहून अगदी वेगळा आहे. दोन्हींना "कंपनीची सिस्टीम" या एकाच नावाने तोलणे मला अन्यायाचे वाटते.

आणखी एक गोष्ट अशी, की आपण बहुतेक महामार्गावर ऐकता. टायर आणि रस्त्याचा घोष मुख्यतः खालच्याच स्वरांत असतो आणि तो नेमका खर्ज गिळतो. त्यामुळे ताशी ९० वर डग्गा शोधण्यापेक्षा आधी उभ्या गाडीत तो आहे का, हे पाहावे.

जुना व्हॉल्व्ह

शेवटच्या मुद्द्याला एक जोड देतो. उभ्या गाडीत तपासताना आवाज अगदी हळू ठेवू नये. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, आवाज जितका लहान, तितका आपला कान खालच्या स्वरांना बहिरा होत जातो. कित्येक हेड युनिट (डॅशबोर्डमधली मुख्य यंत्रे) म्हणून लहान आवाजात बास आपणहून वाढवतात आणि स्पीकर वाचवण्यासाठी मोठ्या आवाजात तो कापतात. "आवाज वाढवला की बास कमी होतो" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना ही मागची व्यवस्था ठाऊक नसते. तुलना करायची, तर मध्यम आवाजावर आणि तिन्ही वेळा त्याच आकड्यावर करावी.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण रविवारशिवाय गाडी मोकळी नव्हती.

वायर आणि कपलर यांच्या प्रश्नाचे उत्तर "हो" असे आहे. गेल्या पावसाळ्यात चालकाच्या बाजूची काच अर्ध्यात अडकली, पाणी आत गेले, आणि दुरुस्ती करताना उजव्या दारातला भिजलेला स्पीकरही बदलावा लागला होता. ही गोष्ट मी पहिल्या प्रश्नात लिहिलीच नाही, कारण काचेचा आणि डग्ग्याचा काही संबंध असेल, असे मनातही आले नाही.

सांगितल्याप्रमाणे आवाज १८ वर ठेवून बॅलन्स फिरवला. पूर्ण डावीकडे डग्गा बऱ्यापैकी आला, उजवीकडे थोडा कमी पण आला, आणि मधोमध आणताच दोन्हीकडचा मिळून नाहीसा झाला. मी तीनदा करून पाहिले. शेजारी बसलेल्या भावाला, जो स्वतः पखवाज शिकतो, न सांगता बॅलन्स फिरवला, तरी त्याने प्रत्येक वेळी मधली जागा बरोबर ओळखली. आता दार कुणाकडून उघडून घ्यावे आणि काय काय सांगावे?

वायर आणि कपलर

दार कुणीही नीट काम करणारा उघडून देईल. आपण समोर उभे राहावे, एवढेच. स्पीकरच्या वायरी सोडवून १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवायला सांगावे. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन खुणेला लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. त्यानंतर डाव्या दाराशी ताडून उजव्या दाराच्या वायरी जोडाव्यात. पिळून टेप न लावता आपल्या गाडीसाठी मिळणारा तयार कपलर लावून घ्यावा. तो स्वस्त असतो आणि मूळ वायर कापावी लागत नाही.

दार उघडेच आहे, तर प्लॅस्टिकचा कागद नवी ब्युटिलची (चिकट रबराची) पट्टी लावून चारही कडांनी बसवून घ्यावा. दोन पैसे उरले, तर स्पीकरच्या बरोबर मागच्या बाहेरच्या पत्र्यावर ब्युटिलची अ‍ॅल्युमिनियम लावलेली शीट रोलर फिरवून चिकटवावी. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती मात्र कुणालाही बुजवू देऊ नये, आणि आत साधा स्पंज भरायला कुणी सुचवले तर नको म्हणावे, कारण तो पावसाळाभर पाणी धरून ठेवतो आणि दार आतून गंजते.

सबवूफर पुढे कधी घेतलाच, तर त्याच्या धन वायरीला बॅटरीजवळच, साधारण वीतभर अंतरात, फ्यूज असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तो फ्यूज सबवूफरसाठी नसून मधली वायर पत्र्याला घासली, तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

कृष्णाकाठ

काम झाले. दार उघडल्यावर दोन्ही गोष्टी निघाल्या: वायरी उलट्या होत्या आणि कागद खालच्या बाजूने हातभर लोंबत होता. सेल टेकवला तेव्हा पडदा आत गेला, हे मी स्वतः पाहिले. कपलर, पट्टी, शीटचे दोन तुकडे आणि मजुरी मिळून सोळाशे रुपये झाले.

आता बासची पट्टी शून्यावर आहे आणि त्याच ध्वनिमुद्रणात, त्याच १८ आकड्यावर, डग्ग्याची मींड खालून वर सरकताना स्पष्ट कळते. खंबाटकी घाट चढताना इंजिनाच्या आवाजात ती पुन्हा थोडी बुडते, तेवढे मान्य. चित्रपटगीतांतला अगदी तळाचा दणका अजूनही येत नाही, पण तो मला हवाच होता असे आता वाटत नाही, त्यामुळे १४ हजारांचा कागद तूर्त बाजूला ठेवला आहे. आवाज २२ च्या पुढे नेला की दाराच्या खणातली स्टीलची बाटली डग्ग्याबरोबर वाजू लागते, म्हणून ती मागच्या सीटवर हलवली आहे.