फ्रेममधला काळा म्हणजे खोली नव्हे

गोदाकाठ
सिनेमाच्या फ्रेमवरून छापचित्र करायचे म्हटले की शिल्पकाराला एक सोपा सल्ला मिळतो: फ्रेम करड्या छटांत आणा, नाशकातल्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणारे कोरणयंत्र) एमडीएफमध्ये (दाबलेल्या लाकडी तंतूंची पाटी) छटेप्रमाणे, जेवढे काळे तेवढे खोल, कोरून घ्या आणि वर ओला कागद ठेवून प्रेसखालून काढा. मला हे साफ नामंजूर आहे.

'कालियामर्दन' (1919) घ्या, फाळक्यांनी नाशकात केलेला. सुरुवातीलाच त्यांची मुलगी मंदाकिनी हिचा चेहरा जवळून दिसतो, भाव बदलत जातात. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. ओठ, कुंकू काळे पडत आणि निळे ते फिकट होई. राउटरला हे कळत नाही. तो ओठांच्या जागी खड्डा पाडतो, भुवईची चर करतो. म्हणजे चेहऱ्यावर जे उंच, तेच खोल.

म्हणून आधी फ्रेम वाचावी: उजेड कुठून येतोय, कुठला काळा सावलीचा, कुठला रंगाचा. मग 24 × 18 सेंमीची शाडूची लादी (मूकपटाचे 4:3 प्रमाण), उठाव 5 मिमीच्या आत. हनुवटीखाली माती आत कापली गेली तर कागद साच्यात अडकतो आणि काढताना फाटतो, तेव्हा सगळ्या कडा बाहेर उतरत्या ठेवाव्यात. वर प्लास्टरचा साचा, त्याला साबणाच्या पाण्याचे दोन-तीन हात. सुती लगदा 3-4 मिमी जाड भरून स्पंजने पाणी टिपत दाबावा. उन्हात घाईने सुकवला की कडा आधी आकसतात आणि मधला भाग साच्यातून उचलला जातो. शिल्पकार-छापचित्रकार सोमनाथ होर यांची 1970च्या दशकातली 'वुंड्स' मालिका याच जातीची: घाव घातलेल्या पृष्ठाचा सिमेंटचा साचा आणि त्यात दाबलेला पांढरा लगदा. शाईचा थेंबही नाही.

रूळशाई
तुमचे चेहऱ्याचे वाचन मान्य. पण यात सिनेमा उरला कुठे? पडद्यावर असतो तो सपाट उजेड. पांढऱ्यावर पांढरा उठाव समोरच्या दिव्यात, काचेआड टांगला की काहीही दिसत नाही.

एदुआर्दो पाओलोत्झी शिल्पकारच होते. त्यांची 1965ची 'ॲज इज व्हेन' ही बारा छापचित्रांची मालिका लंडनच्या केल्प्रा स्टुडिओत क्रिस प्रेटर यांनी स्क्रीनवर, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, छापली. त्यातल्या एकात तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन चित्रपटगृहात हॉलिवूडची नटी बेटी ग्रेबल हिच्यावर खूश होतोय. तिथे कुणी मातीचा आग्रह धरला नाही.

आणि स्क्रीन म्हणजे फोटो चिकटवणे नव्हे. 77 टी (सेंमीला 77 धागे) जाळीत इंचाला साधारण 195 धागे असतात. ते साडेचारने भागले की हाफटोन (लहानमोठ्या ठिपक्यांनी छटा दाखवणे) इंचाला 40 ते 45 रेषांचा येतो. याहून बारीक ठिपके जाळीवर टिकत नाहीत. ठिपक्यांची ओळ जाळीशी 22.5 अंशांत ठेवा, नाहीतर गालावर लहरी उमटतात. छपाईत ठिपका फुगतो, म्हणून छटा 10 ते 85 टक्क्यांत बसवा. नाशकात जुलै-ऑगस्टला जाळीवरचे इमल्शन (उजेडाने कडक होणारा लेप) वरून सुकल्यासारखे वाटते, आत ओलच असते. ओले इमल्शन उजेडात पुरते कडक होत नाही आणि धुताना हलक्या छटांचे ठिपके आधी वाहून जातात.

सातपूरकर
दोष यंत्राला का? छटा जशीच्या तशी देऊ नये, खोलीचा नकाशा हाताने रंगवावा: ओठ उजळ करायचे, नाक सर्वांत पांढरे. 3 मिमीचा गोल टोकाचा बिट (राउटरचे फिरते पाते), दोन फेऱ्यांत 0.3 मिमी अंतर. एमडीएफला चपड्याचे दोन हात द्यायलाच हवेत, नाहीतर ओल्या कागदाने तंतू फुगतात.

गोदाकाठ
नकाशा हाताने रंगवलात तर निर्णय तुमचा, तेवढे कबूल. तरी 3 मिमीच्या बिटने पापणीची 1 मिमीची घडी निघत नाही, आणि चेहरा तिथेच जिवंत होतो. उजेडाचे म्हणाल तर दिवा बाजूने, पृष्ठभागाशी 15-20 अंशांत हवा आणि काच नको. तसे टांगणे शक्य नसेल तर हे काम त्या भिंतीवर लावूच नये.

पाओलोत्झींचा दाखला मात्र माझ्या बाजूचा आहे. मूळ कोलाज तुकडे कापून रचलेला, म्हणजे चित्र मोडून पुन्हा उभारलेले. अखंड फ्रेम हाफटोनमध्ये टाकणाऱ्याने यातले काय केले?

रूळशाई
पाओलोत्झी तुकडे रचतात, पण ठिपका ठिपकाच ठेवतात. फाळकेही सिनेमाआधी छपाईच्या धंद्यात होते, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. त्यांच्या फ्रेमला शाई परकी नाही. हक्काचीही अडचण नाही: भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षांचा, 1919ची मुदत केव्हाच सरली.

दोन्ही हवे असेल तर आधी स्क्रीन, मग उठाव, कारण उठावावर जाळी टेकत नाही. शाई तेलाची आणि पूर्ण सुकलेली असावी. कागद भिजला की वाढतो आणि ठिपक्यातले नाक साच्यातल्या नाकावर बसत नाही. त्याच कागदाचा कोरा तुकडा भिजवून लांबी-रुंदीची वाढ वेगवेगळी मोजावी (तंतूंच्या आडव्या दिशेला ती जास्त असते) आणि पॉझिटिव्ह (जाळीवर चित्र उतरवायची पारदर्शक फिल्म) तेवढी लहान काढावी.