परदेशात इंग्रजी शिकवलेल्या आपल्या भागातल्या लोकांनो, अनुभव लिहा

धुरेकरी
परवा धुऱ्यावरची हराळी खोदत होतो. मुळ्यांचा गुंता हातात आला आन् एकदम इसानची शाळा आठवली. थायलंडच्या ईशान्येचा हा भाग, सगळी भातशेती. तिथं मे महिन्यात शाळा उघडते आणि जूनमध्ये, बहुतेक गुरुवारी, 'वाई ख्रू' असतं, म्हणजे गुरुवंदना. पोट्टे गुडघ्यांवर सरकत येतात. हातात तबक, त्यात हराळी, वांग्याचं फूल आणि लाल टोकदार कळ्यांचा गुच्छ. हराळी पसरते तशी विद्या पसरो, वांग्याचं फूल मान खाली घालून असतं तशी नम्रता येवो, कळीच्या टोकासारखी बुद्धी तीक्ष्ण होवो. माझा बाप जी हराळी उपटता उपटता म्हातारा झाला, ती एका लेकरानं माझ्या पायाशी ठेवली. मला रडू आवरलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, पहिलीपासून इंग्रजी तर 2000 साली आलं. शेजारच्या वर्गात युरोपातून आलेला एक मुलगा होता. बी.एड. माझं, पगार त्याचा जास्त, कारण पासपोर्ट. पण थाई लेकरांना शब्दाच्या शेवटचा 'ल' जमत नाही, त्याचा 'न' होतो, अन् सुरुवातीचं जोडाक्षर फुटतं. 'स्कूल'चं 'सकून'. त्याला ते चुकीचं ऐकू यायचं. मला मात्र आमच्या गावचं 'इस्कूल' ऐकू यायचं. जीभ कुठं अडते ते मला ठाऊक होतं, म्हणून ते पोट्टे माझ्याजवळ बोलायला लाजले नाहीत. याचा मला आजही अभिमान आहे.

ज्यांनी बाहेर शिकवलं त्यांनी लिहा. मोठं लिहा, छोटं लिहा.

संत्राबाग
मालदीव. बेट एवढंसं की शाळेच्या पुढच्या दारातून समुद्र अन् मागच्या दारातूनही समुद्र. सकाळच्या न्याहारीला टूना मासा नि खोबरं, अन् मी माळकरी घरची. मेथी, पालक काहीच पिकत नाही, सगळं बोटीनं येते. सासूबाईंनी बांधून दिलेल्या सांडग्यांवर दिवस काढले. पोरं इंग्रजी फटाफट बोलतात, टीव्ही पाहून. पण निबंध लिहा म्हटलं की गप्प. दहावीला त्यांचा केंब्रिजचा पेपर असते, तिथं बोलणं चालत नाही. मी रोज पाच वाक्यं लिहून घेत होते, घरच्याबद्दल. एकीनं लिहिलं, बाबा मासे धरायला गेले की आई रात्रभर दिवा मालवत नाही. ती वही मी अजून विसरले नाही.

पैशाचं सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. पगार रुफियात होतो अन् डॉलरची टंचाई असते, घरी पाठवायचे वांधे. हे आधीच विचारून घ्या. कुकर झाला, येते.

पळसफूल
ताई, सांडगे कोहळ्याचे की मुगाचे?

संत्राबाग
कोहळ्याचे जी.

निवृत्त मास्तर
इथिओपियात होतो, सरकारी विद्यापीठात. तिथं नववीपासून सगळे विषय इंग्रजीत, आणि पोरांची तयारी कच्ची. आपल्या ज्युनिअर कॉलेजात खेड्यातून सायन्सला आलेल्या पोरांचं होतं तेच. पोरगं हुशार असतं, उत्तर डोक्यात असतं, ओठावर येत नाही. म्हणून मी पहिला महिना व्याकरण काढलंच नाही, नुसतं बोलू दिलं.

घड्याळाची गंमत ऐका. तिथं दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे 7 म्हणजे त्यांचा 1. 'सर, तास 2 वाजता' म्हणजे सकाळी 8 ला. 'व्हॉट इज द टाइम' शिकवताना फळ्यावर दोन घड्याळं काढायचो. महिने तेरा, आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. सप्टेंबर 2007 मध्ये त्यांचं 2000 साल लागलं तेव्हा मी तिथंच होतो. शहरभर दिवे आणि गाणी. आपल्या 2000 सालच्या वेळी मी कापसाच्या गाडीवर होतो, त्यामुळं हा सोहळा माझ्या वाट्याला दुसऱ्यांदा आला असं वाटलं.

तूरवाला
सर तुम्ही दर्यापूरच्या बाजूचे का? माया मोठ्या भावाले शिकवलं असन तुमी. तो तुमचं नाव काढते नेहमी.

निवृत्त मास्तर
त्या बाजूलाच होतो. भाऊ काय करतो आता?

तूरवाला
वावरच पाहते सर. पोरगी त्याची बारावीले हाय, इंग्रजीत पयली आली शाळेतून.

निवृत्त मास्तर
तिला माझा आशीर्वाद सांग. आणि बोलायला सांग, नुसतं लिहायला नको.

भारनियमन
मी देश सोडला नाही, पण चिनी पोरांना शिकवलं. दारव्ह्याजवळच्या खेड्यातून, फोनवर, गच्चीवर बसून, कारण रेंज तिथंच. एक सहा वर्षांची मुलगी होती, मागं म्हैस हंबरली की टाळ्या वाजवायची. 'बफेलो' शब्द तिला तसाच आला. जुलै 2021 मध्ये चीन सरकारनं परदेशात बसलेल्या शिक्षकांचे ऑनलाइन क्लास बंद केले. निरोपही घेता आला नाही. ती पोरगी आता किती मोठी झाली असेल हो.

पळसफूल
वाचून भरून आलं दादा.
मी डी.एड., बी.ए., टीईटी पास. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसलेली. एका एजंटनं व्हिएतनाम सांगितलं, दीड लाख मागतो, म्हणते टूरिस्ट व्हिसावर जा, तिथं बदलून देतो. जाऊ का?

चिमूरकर
अजिबात नको ताई!! माझ्या मावसभावाला असंच टूरिस्ट व्हिसावर नेलं, पासपोर्ट काढून घेतला, घरच्यांनी बैलजोडी विकून तिकीट पाठवलं. थायलंडची नोकरी सांगून सीमेपलीकडं म्यानमारमध्ये म्यावडीला, ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर राबवायला नेलेल्या पोरांच्या बातम्या वाचल्या ना? परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव आहे का पाहा. नोंदणी असलेल्या एजंटला 30,000 रुपये अन् वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेताच येत नाही. दीड लाख मागतो तिथंच समजा.

धुरेकरी
चिमूरकर बरोबर बोलले. व्हिएतनाम वाईट नाही. 20 नोव्हेंबरला त्यांचा शिक्षक दिन असतो, मास्तरांच्या घरात फुलं मावत नाहीत. पण वर्क परमिट आधी. त्याला पदवी, टेफलचं (परभाषिकांना इंग्रजी शिकवायच्या कोर्सचं) सर्टिफिकेट आणि पोलिसांचा दाखला लागतो. तुमची बी.ए.ची पदवी चालेल, नुसत्या डी.एड.वर जमत नाही. शिक्क्यांचा क्रम असा: आधी विद्यापीठाचं व्हेरिफिकेशन, मग राज्याचं मंत्रालय, मग केंद्राचं परराष्ट्र मंत्रालय. पुढं ॲपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचाच बऱ्याच देशांत चालणारा शिक्का, चालतं की दूतावासाचा शिक्का लागतो ते देशावर असतं. दुबईवाले दूतावासाचाच मागतात. मूळ पदवी कोणाच्याही हाती देऊ नका, एजंटच्या तर नाहीच.

पळसफूल
पदवी मूळ त्याच्याजवळच दिली होती दादा. उद्याच परत मागते. तुमच्याशी फोनवर बोलता येईल का?

धुरेकरी
एकटी जाऊ नका, भावाला सोबत न्या. देत नसेल तर सरळ पोलीस स्टेशन. नंबर निरोपात टाकतो. सकाळी सातच्या आत करा, मग मी वावरात असतो, तिथं रेंज नाही.